आजीचा हात, बाळाची टाळू

आजचा विषय हायड्रोसेफॅलस. लोक 'डोक्यात पाणी झालंय' म्हणतात ना, तेच. मी परळला मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. १९२९पासून इथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे, त्यामुळे लालबाग-दादरचेच नाही, पार गावाकडून लोक बाळाला घेऊन परळ गाठतात.

एक आधी सांगते. हे पाणी आंघोळीच्या वेळी आत गेलेलं नसतं, उगाच आईला बोल लावू नका. मेंदूत एक द्रव सतत तयार होतो आणि रक्तात शोषला जातो. ती वाट अडली की तो साठतो, डोकं वाढायला लागतं. 'डोकं मोठं, पोर हुशार' म्हणत घरचे महिने घालवतात. पहिले तीन महिने डोक्याचा घेर महिन्याला साधारण २ सेंटीमीटर वाढतो. त्याहून भरभर वाढला तर डॉक्टरांना दाखवाच.

बहुतेकदा शंट बसवतात. म्हणजे डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात सोडणारी, कातडीखालून नेलेली बारीक नळी. ती तुंबू शकते. गोष्टी लिहिणारा रोआल्ड डाल माहितीये ना? त्याच्या मुलाची सारखी तुंबायची, म्हणून त्याने एक इंजिनिअर आणि एक सर्जन यांना सोबत घेऊन नवा व्हॉल्व्हच बनवला, १९६२ च्या सुमारास.

आपल्याकडे मात्र आजी असते. तिला टाळू भरायची सवय, बोटांना सगळं कळतं. मी तिलाच शिकवते. आजी, बाळ शांत असताना, उभं धरून हात फिरवायचा. रडताना टाळू फुगते, ते धरायचं नाही. शांत असतानाही टणक, फुगलेली लागली तर पाणी अडलंय. फार खोल गेली तर जास्त वाहतंय. टाके बरे होईपर्यंत तेल नाही, आणि व्हॉल्व्हवर चोळायचं तर कधीच नाही.

डोकं जड, मानेला पेलत नाही. उचलताना एक हात डोकं-मानेखाली, दुसरा कमरेखाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर डोक्याला जखम होते. सर्जननी वेगळं सांगितलं नसेल तर ऑपरेशनच्या बाजूवर निजवायचं नाही. दूध थोडं थोडं, पण वारंवार.

गणपतीला गावी निघालात तरी फाईल पिशवीत हवी. सारखी उलटी, ताप, बाळ उठवूनही न उठणं, बुबुळं खाली वळलेली दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.