काजूची कोवळी पालवी व तिचे रक्षण



वसंत ऋतूचे वर्णन करताना कवींनी पालवीचे व मोहोराचे कौतुक केले आहे. परंतु ज्याच्या घरचा वर्षाचा रोख पैसा त्याच मोहोरावर अवलंबून असतो, तो बागाईतदार नव्या पालवीकडे आनंदाने तसाच धास्तीनेही पाहत असतो. कारण पालवी जितकी कोवळी, तितकी ती कीटकास प्रिय. जोयडा तालुक्यातील डोंगरउतारावर ज्यांनी काजूची कलमे लावली आहेत, त्यांच्यासाठी हा विषय निव्वळ शास्त्राचा नसून संसाराचा आहे.

काजू हे मूळचे ब्राझीलकडील झाड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पश्चिम किनाऱ्यावर आणले, आणि गोमंतक, कोकण व कारवार या प्रांतांत ते असे रुजले की, ते परके आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. त्याचे ऋतुचक्र मात्र पंचांगातील वसंताची वाट पाहत नाही. पाऊस संपताच, आश्विन-कार्तिकात त्यास नवी पालवी फुटू लागते. मार्गशीर्ष-पौषात मोहोर येतो, आणि चैत्र येईतो बोंडे पिकू लागलेली असतात. तेव्हा वसंतात दिसून येणाऱ्या नुकसानीचे बीज शरदातच पडलेले असते. या विषयातील मुख्य गोष्ट हीच की, वसंतातील कीड वसंतात आवरता येत नाही. ती आधीच पाहावी लागते.

या झाडाचा मुख्य शत्रू म्हणजे ढेकण्या. हा कीटक जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी अंगाचा व काळ्या डोक्याचा असतो. त्याच्या पाठीवर टाचणीसारखा एक उभा काटा असतो, त्यावरून तो सहज ओळखता येतो. चहाच्या मळ्यांतही त्याचे भाऊबंद उपद्रव देतात, म्हणून त्यास ‘टी मॉस्किटो’ असे नाव पडले. वास्तविक तो डास नव्हे. तो व त्याची पिल्ले कोवळ्या कोंबात, पानात व मोहोराच्या देठात सोंड खुपसून रस शोषतात. सोंड लागली की तेथून चिकासारखा डिंक पाझरतो, एक-दोन दिवसांत तेथे काळपट डाग पडतो, आणि असे डाग एकमेकांस मिळाले म्हणजे सबंध कोंब जळाल्यासारखा वाळतो. मोहोर करपतो, बाळबिया गळून पडतात. साधारण वर्षी तिसरा हिस्सा पीक बुडते. कीड अनावर झाल्यास सर्वच्या सर्व हातचे जाते.

मोठ्या झाडापेक्षा लहान कलमाची काळजी अधिक का घ्यावी, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. फळता वृक्ष ठराविक काळीच पालवतो. त्यानंतर ढेकण्याला तेथे अन्न उरत नाही. लहान कलम मात्र वर्षभर थोडे थोडे पालवत राहते. त्यामुळे कीड त्याच्यावर बारमाही तग धरते व पुढे शेजारच्या मोठ्या झाडांवर पसरते. पेरू, कोको, इतकेच नव्हे तर ज्याच्या तेलाने कीड आवरली जाते तो कडुनिंबदेखील या कीटकास आश्रय देतो. म्हणून ही झाडेही नजरेखालून घालावीत. ढेकण्याची अंडी कोवळ्या देठाच्या आत घातलेली असतात, आणि अंड्यापासून पूर्ण कीटक होण्यास अवघे तीन-साडेतीन आठवडे पुरतात. महिन्यातून एकदा बागेत फेरी मारणाऱ्यास एक पिढी निसटून गेलेली असते. आठवड्यातून एकदा पाहणाऱ्यास ती सापडते.

दुसरा शत्रू रोठा, म्हणजे खोड व मूळ पोखरणारी अळी. ढेकण्या पीक नेतो, रोठा झाडच नेतो. याची मादी भुंगेरी बुंध्याजवळील सालीच्या भेगांत अंडी घालते, आणि अळी आत शिरून साल व लाकूड पोखरते. बुंध्याशी डिंक व भुसा दिसला की विलंब न लावता साल तासून अळी बाहेर काढावी. पाने पिवळी पडेतो थांबल्यास बहुधा उशीर झालेला असतो. मेलेले झाड कीव येऊन तसेच उभे ठेवू नये; ते मुळासकट काढून बागेबाहेर न्यावे, कारण पुढील भुंगेरे त्यातूनच निघतात.

आता उपायांचा विचार करताना शेजारच्या केरळ राज्यातील कासरगोडचे उदाहरण विसरता येत नाही. तेथील सरकारी काजूमळ्यांवर याच ढेकण्याच्या नाशासाठी सुमारे वीस वर्षे, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान या विषाची फवारणी होत असे. मळ्यांच्या मधून ओढे वाहत होते, उतारावर घरे व विहिरी होत्या. पुढे त्या गावांतून व्यंग असलेली मुले व दुर्धर व्याधींनी ग्रासलेली माणसे मोठ्या संख्येने पुढे आली. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधावर देशभर बंदी घातली, आणि १० जानेवारी २०१७ रोजी केरळ सरकारने पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. कर्नाटकातही दक्षिण कन्नड, उडुपी व उत्तर कन्नड या जिल्ह्यांतील पीडितांसाठी साहाय्य देण्याची वेळ सरकारवर आली. कीटक मारावयाचा होता हे खरे. परंतु विषास शेताची सीमा ठाऊक नसते. काळी नदी जोयडा तालुक्यातच उगम पावते आणि कारवारजवळ समुद्रास मिळते. येथील उतारावर जे फवारले जाईल, ते खालच्या गावांच्या पाण्यात उतरेल, याचे भान प्रत्येक बागाईतदाराने ठेवावयास हवे.

निसर्गाने स्वतःचेही रखवालदार नेमलेले आहेत. झाडावर पाने शिवून घरटी करणारी तांबडी मुंगी, जिला कोकणात ओंबील म्हणतात, ती ढेकण्यास झाडावर थारा देत नाही. दक्षिण चीनमधील लोक अशा मुंग्यांची घरटी विकत घेऊन संत्र्याच्या बागेत टांगीत, असा उल्लेख सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातील काजूबागांतही १९९० नंतरच्या दशकात या मुंगीचा उपयोग करून पाहण्यात आला व तो फलदायी ठरला. ती चावते, बिया वेचणाऱ्यास त्रास होतो, व ती पिठ्या ढेकणासारख्या काही किडींना आश्रयही देते, हे दोष आहेतच. तथापि घरटे दिसताच जाळून टाकण्याची जी रीत आहे, ती सोडलेली बरी. कोळी व ढेकण्याच्या अंड्यांवर वाढणाऱ्या सूक्ष्म माश्या हेही असेच मूक साहाय्यक होत.

औषध मुळीच वापरू नये असे नव्हे. बागेतील निरनिराळ्या झाडांचे शंभर कोंब मोजावेत. त्यांपैकी पाच-दहा कोंबांवर ताजे डाग आढळले तरच फवारणीचा विचार करावा. औषध कोणते व किती, हे दुकानदारास न विचारता कृषी विज्ञान केंद्रास विचारावे. पुत्तूर येथे १९८६ साली स्थापन झालेली काजू संशोधन संस्था व वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले आहे. फवारणी सायंकाळी, वारा पडल्यावर करावी, म्हणजे मोहोरावर येणाऱ्या मधमाश्या वाचतात. मधमाश्या गेल्या तर मोहोर असूनही बी धरत नाही. पहिली दोन वर्षे कलमावर आलेला मोहोर खुडून टाकावा, जोडाच्या खाली फुटणारे धुमारे काढावेत, आणि बुंध्याभोवतीचे तण काढून तो उघडा, दिसता ठेवावा.

यांतील बहुतेक कामांस पैसा लागत नाही, डोळे लागतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आठवड्यातून एक सकाळ बागेत घालविणे, कोंब उलटून पाहणे, बुंधा न्याहाळणे, इतकेच. जो इतके करील त्याला विषाची गरज क्वचितच पडेल, आणि पडली तरी थोडीच पडेल. त्याच्या विहिरीचे पाणी त्याच्या नातवंडांस निर्धास्तपणे पिता येईल. आणि काजूच्या कोणत्याही पिकापेक्षा ही प्राप्ती मोठी होय.