मुलासाठी बालवाडी निवडताना



मूल तीन वर्षांचे होऊ लागले की नागपुरातील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : त्याला कोणत्या शाळेत घालावयाचे? धरमपेठेतील नोकरदार कुटुंब असो, इतवारीतील दुकानदार असो की छत्तीसगडहून बांधकामावर आलेला मजूर असो, काळजी सर्वांची सारखीच. शेजाऱ्याचे मूल कोठे जाते, इमारत केवढी आहे, माध्यम इंग्रजी आहे काय, यांवरून बहुधा निर्णय होतो. शुल्क अधिक म्हणजे शिक्षण चांगले हा समज तर इतका दृढ आहे की तो तपासून पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

पुढे निर्णायक ठरते ती वही. मूल घरी आले की ‘आज काय लिहिलेस?’ असे विचारले जाते. चार वर्षांच्या मुलाची वही अक्षरांनी भरलेली दिसली म्हणजे पालक निश्चिंत होतात. आणि जी शिक्षिका मुलांना माती, पाणी, मणी यांत रमविते तिच्याकडून मूल काढून घेतले जाते. शिक्षिकांना हे ठाऊक असते, म्हणून पुष्कळजणी मनाविरुद्ध पेन्सिल हाती देतात. वास्तविक या वयात बोटांचे लहान स्नायू लेखनासाठी पुरेसे तयार झालेले नसतात. माती मळणे, मणी ओवणे, वाटाण्याच्या शेंगा सोलणे ही लेखनाचीच पूर्वतयारी होय. या टप्प्यावर लेखन, वाचन व गणित औपचारिक रीतीने शिकवू नये, असेच १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे म्हणणे होते. १९९३ मध्ये प्रा. यशपाल समितीने शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात असे सुचविले. २०२० च्या धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा मानून खेळावर भर दिला. धोरणे आली, संध्याकाळचा तो प्रश्न मात्र बदलला नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. नागपूरहून जवळच असलेल्या सेवाग्रामला नयी तालीमच्या प्रयोगात पूर्व-बुनियादी वर्ग चालत आणि स्वच्छता, पाणी, अंगणातील कामे हाच तेथील पाठ असे. ताराबाई मोडक यांनी तर गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्येच नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांची जागा शिंपले, बिया व खडे यांनी घेतली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडला गेले. तेथील आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येईनात. धाकटी भावंडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे असे. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. आज ‘अंगणवाडी’ हा शब्द सर्वतोमुखी आहे, त्यामागे हे अंगण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा आरंभ मुंबईतील धारावी आणि मेळघाटातील धारणी येथे झाला. पोषण व लसीकरणाबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षण हेही तिचे अंग आहे, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते.

मग निवड कशी करावी? त्या ठिकाणी एक तास बसून यावे. शिक्षिका मुलाशी खाली बसून बोलते की उभ्याने हुकूम सोडते? रडणारे मूल कोणाच्या कडेवर जाते? पिण्याचे पाणी व शौचालय मुलाला स्वतः वापरता येण्याजोगे आहे काय? शिक्षिका वर्षानुवर्षे तीच आहे की सहा महिन्यांनी बदलते? मुलाने घरच्या बोलीत पाणी मागितले तर तिला कळते काय? नागपुरातील कोणत्याही वर्गात मराठी व हिंदी शेजारी बसतात, काही वस्त्यांत छत्तीसगढीही. मुलाचा घरचा शब्द ओळखणारी बाई ही इंग्रजी फलकापेक्षा मोठी सोय आहे.

अंतराचा विचार तर सर्वांत आधी व्हावयास हवा, आणि तोच सर्वांत शेवटी होतो. नागपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एवढी काळजी शासन घेते. पालक मात्र तीन वर्षांचे मूल मार्च-एप्रिलच्या दुपारी दाटीवाटीने भरलेल्या ऑटोरिक्षात अर्धा-पाऊण तास बसवितात. तेही घराजवळचे केंद्र ओलांडून!

हे केंद्र ओलांडणाऱ्यांत ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांची मुलेही असतात, हे येथे स्पष्टच बोलले पाहिजे. हिंगणा, कामठीसारख्या शहरालगतच्या तालुक्यांतून सकाळी शाळांच्या गाड्या नागपूरकडे निघतात. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांचे मूल गेले की अंगणवाडीकडे पाहणारा डोळाच जातो. मागे राहते ते मजुराचे मूल. त्याच्या आईला गळक्या छपराची तक्रार कोणाकडे करावी हेही माहीत नसते. तिच्यापुढे निवड नाहीच. सरपंचाचे नातवंड जेथे बसते तेथील छप्पर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त होते, असा अनुभव आहे. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर अंगणवाडीचे छप्पर, पाणी, शौचालय आणि मुलांच्या खेळण्याचे साहित्य हा विषय घेता येईल. आणि सभेपूर्वी प्रत्येक सदस्याने तेथे तो एक तास बसून यावे.