टाकीतली आणि तलावातली

दिवाळीनंतर देवरीला एका स्नेह्यांकडे गेलो होतो. बैठकीत माशांची नवी काचेची टाकी होती. तिच्यातली हिरवी वनस्पती नातवाने नागपूरहून आणलेली. आजोबा हसून म्हणाले, "पैसे कशाला घातलेस? आपल्या तलावात हे शेवाळ फुकट मिळते!" त्यावर नातवाने विचारले, "मग जास्त झालेली जुडी तलावात टाकू?"

इथे मात्र थांबायला हवे. आपल्याकडे पाण्यातल्या सगळ्याच हिरव्या गोष्टींना शेवाळ म्हणतात. तलावातली होती हायड्रिला, आपल्या इकडचीच. टाकीतली असू शकते एजेरिया, म्हणजे दक्षिण अमेरिकेची. दुकानात ती पुष्कळदा 'एलोडिया' म्हणून विकली जाते. खरी एलोडिया तिसरीच! तिघींचे लांब हिरवे दोरे आणि पेरापेरावर पानांचा घेर.

एलोडियाच्या एका पेराला बहुधा तीन पाने असतात. बाकी दोघींना साधारण चार-पाच, त्यामुळे नुसते मोजून भागत नाही. मग बोटे वापरावीत. हायड्रिलाची जून फांदी चिमटीतून ओढली की खरखरीत लागते, कारण पानाच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. एजेरिया गुळगुळीत. तिचे दाते बारीक, भिंग घेऊनच दिसतात. पानेही मोठी, दोन-तीन सेंटिमीटरची. कोवळ्या फांदीवर फसगत होते. शंका राहिली तर मुळाशी चिखलात पाहावे. लहान गाठी सापडल्या तर ती हायड्रिला.

एवढी चिकित्सा कशासाठी? आपली ही हायड्रिला १९५० च्या दशकात माशांच्या टाक्यांसाठी श्रीलंकेहून अमेरिकेत गेली. १९६० मध्ये ती फ्लोरिडाच्या उघड्या पाण्यात सापडली, तेव्हा लोकांनी तिला एलोडियाच समजले. पुढे तिने तिथले कालवे आणि तळी भरून टाकली. तुटलेला तुकडाही रुजतो, मग काढणार किती?

आपल्यालाही हा अनुभव आहे. अमेरिका खंडातूनच आलेल्या बेशरमाने आपल्या मामा तलावांचे काठ व्यापले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी ती उपटली आणि तलावाचा तळ नांगरून हायड्रिलासारख्या देशी पाणवनस्पती लावल्या. माशांना चारा आणि आसरा मिळावा म्हणून. म्हणजे फ्लोरिडात जी काढून टाकतात, ती इथे मुद्दाम लावावी लागते! अशा तलावात हायड्रिला समजून एजेरिया गेली तर त्या माणसांच्या कष्टांचे काय?

नातवाने टाकीतली जून फांदी चिमटीतून ओढली. गुळगुळीत लागली. आजोबांनीही ओढून पाहिली, चष्मा लावून पाहिली, आणि मग तेच जुडी घेऊन गच्चीवर गेले. ती उन्हात कडकडीत वाळली, की तुळशीच्या कुंडीत जाणार होती.