अवघड इंग्रजी शब्दांचे ओझे

(तालुक्याच्या गावातील एका अभ्यासिकेत स्पर्धा-परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या टेबलांवर अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या आहेत. रोज वीस शब्द आणि समोर त्यांचे अर्थ. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठ नसतील तर हिशेब अडतो. परंतु या याद्यांत एका अनोळखी शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा अनोळखी शब्द दिलेला असतो. ‘अमेलिओरेट’ म्हणजे ‘अलीव्हिएट’, ‘अलीव्हिएट’ म्हणजे ‘मिटिगेट’. विद्यार्थी तिन्ही पाठ करतो आणि तिहींतला भेद मात्र त्याला कळत नाही. वस्तुतः परिस्थिती सुधारते, वेदना शमते आणि आपत्तीची झळ कमी होते, हा भेद आपण मराठीत रोज सहज करतो. जे ज्ञान आपल्यापाशी आहेच, ते बाजूला ठेवून ही घोकंपट्टी का चालावी?

परीक्षाच तशा आहेत, असे आपण म्हणाल. ते अंशतः खरे आहे. कर्मचारी निवड आयोग समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारतो, म्हणून याद्या फेकून द्या असे मी सांगणार नाही. पण अमेरिकेतील जी.आर.ई. परीक्षेने २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले आणि वाक्यातील संदर्भावर भर दिला. आपल्याकडे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील इंग्रजी उताऱ्यांविरुद्ध २०१४ साली दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या प्रश्नांचे गुण गुणवत्ता ठरवताना धरू नयेत, असा निर्णय सरकारला घ्यावा लागला. इंग्रजी शाळेची फी ज्यांच्या घराला कधीच परवडली नाही, त्यांच्या वाटेवर हा जकातनाका उभा आहे, ही त्या मुलांची तक्रार रास्त होती.

आता माझ्या विषयातले एक उदाहरण देतो. लॅटिनमध्ये ‘प्रेटियम’ म्हणजे किंमत. ‘प्राइस’, ‘प्रेशस’, ‘अप्रीशिएट’, ‘डिप्रिसिएशन’ ही सारी त्याच घरची लेकरे. मराठीतही मूल्य, बहुमूल्य, मूल्यमापन, अवमूल्यन असे कुटुंब आहेच. एक मूळ हाती आले की चार शब्द आपोआप जवळ येतात. मात्र मुळावरही आंधळा विश्वास नको. यंत्राचे ‘डिप्रिसिएशन’ म्हणजे घसारा. रुपयाचे ‘डिप्रिसिएशन’ म्हणजे बाजारात त्याचा भाव उतरणे. ‘सँक्शन’ तर आणखी लबाड शब्द. कचेरीत कर्ज ‘सँक्शन’ झाले की पेढे वाटतात. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर जी ‘सँक्शन्स’ घातली ती मात्र निर्बंधांची होती. एकाच शब्दात मंजुरीही आणि मनाईही! यादीतल्या एका ओळीने हे कसे कळावे?

तुमच्यापैकी काहीजण उद्या बँकेच्या खिडकीमागे बसतील. समोरचा शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कागदावरील ‘हायपॉथिकेशन’ या शब्दावर बोट ठेवील. आपल्या बँकांच्या व्यवहारात त्याला ‘नजरगहाण’ असा सुरेख प्रतिशब्द आहे: वस्तू कर्जदाराच्या ताब्यात, हक्काची नजर बँकेची. इंग्रजी शब्दापेक्षा हा अधिक बोलका आहे, असे मला वाटते. किंवा ‘मोरेटोरियम’ घ्या. २०२० च्या मार्च ते ऑगस्ट या काळात रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना ही सवलत देऊ केली होती. हप्ता पुढे गेला, व्याज मात्र चढतच राहिले. मुदत आणि माफी यांतला हा फरक ज्याला वेळेवर कुणी समजावून सांगितला नाही, त्याला तो पुढे खिशातून भरावा लागला.

म्हणून वही वेगळी करा. शब्द लिहा, तो ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य लिहा, आणि त्याखाली आपल्या आईला समजेल असा मराठी अर्थ लिहा. दिवसाला वीस शब्द होणार नाहीत. पाच झाले तरी पुष्कळ.