आवाजाचा सांधा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हाइटफील्ड येथे दिलेले व्याख्यान)



गणेशोत्सवात आरतीला आरंभ होतो तेव्हा पेटीवर जो पहिला स्वर धरला जातो, त्याच्यावर साऱ्या सभेच्या गळ्यांचे भवितव्य अवलंबून असते. पुरुषांनी काळी एक धरली तर भगिनींना ती एक तर फार खाली पडते, नाही तर फार वर. भगिनींनी काळी पाच धरली की बंधूंचे गायन संपून ओरडणे सुरू होते. गाणे ज्या ठिकाणी ओरडण्यात बदलते, तेथे आवाजाचा एक सांधा असतो. आज त्याच्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

खालच्या स्वरांत स्वरतंतू आखूड व जाड राहून कंप पावतात. हा छातीचा भरदार आवाज. वर जाताना स्वरयंत्रातील दुसरा स्नायू त्यांना ताणून लांब व पातळ करतो, आणि आवाज निमुळता होऊन मस्तकात घुमल्यासारखा वाटतो. स्पॅनिश गायनशिक्षक मानुएल गार्सिया यांनी 1854 मध्ये आरशाच्या साहाय्याने गाणाऱ्याचे स्वरतंतू पाहिले, तेव्हापासून या क्रियेचा शास्त्रीय अभ्यास वाढला. आपल्याकडे प्रा. बी. आर. देवधर आणि डॉ. अशोक रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेचा साक्षेपाने विचार केला.

हा पालट साधारणतः सेकंदाला 300 ते 350 कंपनांच्या आसपास येतो. व्यक्तीपरत्वे तो मागेपुढे होतो. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला तो तार षड्ज ओलांडताना भेटतो, तर काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीला मध्य सप्तकातील मध्यम-पंचमापाशीच. तेथे जोर लावून भरदार आवाज तसाच वर रेटला, तर तो फाटतो. म्हणून सांध्याच्या दोन-तीन स्वर आधीच आवाज हलका करावा. तोंड मिटून गुंजन करीत, किंवा ‘ऊ’काराने, पंचमापासून तार षड्जापर्यंत संथ मींड घ्यावी, तशीच वरून खालीही उतरावे. उतरताना वरचा हलकेपणा खाली आणता आला, की सांधा आपोआप झाकला जातो. ‘आ’कारात वर जाताना तो किंचित ‘ओ’काराकडे झुकू द्यावा. पहाटेची खर्जसाधना उपकारक खरी, परंतु केवळ खर्जाने हा सांधा जुळत नाही.

याच कर्नाटकभूमीत किराणा घराण्याची सलग, मींडयुक्त आलापी रुजली. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे. त्यांनी मराठी रंगभूमी गाजविली. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका ‘गांधारी हुबळीकर’ या नावाने निघाल्या. त्यांतील आवाज उंच व बारीक आहे. पुढे घशावरील उपचारानंतर तो आवाज जाऊन धीरगंभीर, खोल आवाज आला. गेलेल्या पट्टीचा हट्ट न धरता बाईंनी लाभलेल्या आवाजावर आपली गायकी उभारली आणि 2009 मध्ये देहावसान होईपर्यंत अपार मान मिळविला.

हे सांगण्याचे कारण आपली मुले. बारा ते पंधरा या वयात मुलग्याचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि सांधा रोज जागा बदलतो. अशा वेळी ‘वर लाव, वर लाव’ म्हणून त्याला भरसभेत टोकले, की तो हसू होण्याच्या भीतीने गाणेच सोडतो. इकडे परमुलखात त्याला मराठी गाण्याची संधी आधीच थोडी; मंडळाच्या सभागृहातच ती हिरावली, तर तो मराठी पद पुन्हा कोठे म्हणणार? त्याला खालच्या पट्टीत, अर्ध्या आवाजात गाऊ द्यावे. दुखणाऱ्या गळ्याने कोणासही गाऊ देऊ नये. घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकल्यास घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणि आरतीपुरती एक विनंती. एक आरती भगिनींच्या पट्टीत, तर दुसरी बंधूंच्या पट्टीत म्हणावी. पेटी वाजविणाऱ्यास त्यात फारसे श्रम नाहीत, आणि सर्वांना देवापुढे गाता येईल.