क्लच किती टिकतो? घसाऱ्याचा एक हिशेब
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, वीजबिल, कर्जवसुली हे विषय आपल्या प्रत्येक बैठकीत होतात, आजही होतील. त्याआधी आम्ही ट्रॅक्टरच्या क्लचबद्दल बोलणार आहोत. संघटनेच्या व्यासपीठावर मिस्त्रीकाम कशाला, असं काहींना वाटेल. थोडं ऐकून घ्या. या क्लचच्या गोष्टीत आपल्या तोट्याच्या शेतीची निम्मी गोष्ट आहे.

मागच्या बैठकीत चहाच्या वेळी एका भावानं विचारलं, "जुन्या लहान ट्रॅक्टरचा मूळ, कंपनीनं बसवलेला क्लच किती वर्षं टिकतो?" एक जण म्हणाला, वीस वर्षं. दुसरा म्हणाला, दोन हंगाम. दोघांचं भांडण होता होता राहिलं. आमचं म्हणणं असं की दोघेही खरं बोलत होते. आम्ही दोन्ही पाहिलं आहे, आणि तेही एकाच ट्रॅक्टरवर.

आम्ही चौघांनी मिळून पंचवीस अश्वशक्तीचा एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला. पहिल्या मालकाकडे तो अठरा वर्षं होता आणि क्लच मूळचाच होता. त्यानं कधी गाडी उघडली नव्हती. आम्हांला वाटलं, लोखंड पक्कं आहे. आम्ही घरची नांगरट केली, गावातली भाड्यानं केली, ट्रॉली ओढली. चौघांची चार पोरं चालवायला. दुसऱ्या वर्षी मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला आणि धुऱ्यावर ट्रॅक्टर उभा राहिला. इंजिन ओरडतंय, चाक हलत नाही, जळका वास सुटलेला. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री यायला तीन दिवस, सामान यायला दोन दिवस. पैसे नव्हते, ते व्याजानं काढले. आठवडा गेला. कोरडवाहूत पेरणीचा आठवडा गेला की काय जातं, ते तुम्हांला सांगायची गरज नाही.

अठरा वर्षं टिकलेली वस्तू आम्ही दोन वर्षांत जाळली. म्हणून आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो.

आपल्या गावांत अजून चालणारे जुने ट्रॅक्टर बघा. आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. महिंद्राचा बी-२७५ हा १९६३ पासूनच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी झालेल्या भागीदारीतला. एचएमटीनं १९७१ साली पिंजोरला चेक झेटरच्या धर्तीवर पंचवीस अश्वशक्तीचा २५११ काढला. स्वराज ७२४ आला १९७४ साली, दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेनं केलेल्या आराखड्यावर. यांचे मालक बदलले. आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ साली टॅफेकडे गेला, स्वराजची कंपनी २००७ साली महिंद्रानं घेतली, आणि एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ साली घेतला. ट्रॅक्टर मात्र आपल्या शेतात आहेतच.

या सगळ्यांत क्लचचं मूळ काम एकच. इंजिनाचं फ्लायव्हील फिरतं. त्याला क्लच प्लेट चिकटून बसते, आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तिला दाबून धरतात. प्लेटीच्या दोन्ही अंगांना रिबिटांनी लायनिंग मारलेलं असतं. पाय दाबला की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकतं, स्प्रिंगांचा दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. पाय पूर्ण वर असेल तर प्लेट आणि फ्लायव्हील एकजीव फिरतात, काही घासत नाही. पाय पूर्ण खाली असेल तर प्लेट मोकळी असते, तेव्हाही लायनिंग घासत नाही. लायनिंग झिजतं ते पाय मधे असताना. मग क्लचचं आयुष्य वर्षांत मोजून उपयोग नाही. अर्ध्या क्लचवर किती वेळ गेला, त्यावर ते ठरतं.

हा अर्धा क्लच आपण कुठे कुठे वापरतो? पहिली जागा पायाची सवय. वखरताना, पाळी घालताना पोरगा पेडलवर पाय ठेवून बसतो. त्याला वाटतं पाय नुसता टेकलाय. तिकडे बेअरिंग बोटांवर घासत असतं आणि प्लेट किंचित सुटलेली असते. पहिल्या मालकाचा पाय फळीवर असायचा, आमच्या पोरांचा पेडलवर. अठरा वर्षं आणि दोन वर्षं यांतला मोठा फरक इथेच पडला.

दुसरी जागा रांग. १९७२ साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॉल्या दिवसदिवस उभ्या असत. आजही जिनिंगच्या फाटकाबाहेर हंगामात तेच चित्र दिसतं. भरलेली ट्रॉली, चढाची जागा, दोन हात पुढे आणि थांबा. पोरगा ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतो. नांगरटीच्या एका दिवसात होत नाही तेवढी झीज एका रांगेत होते. ब्रेक लावा, गिअर काढा, पाय उचला. पुढची ट्रॉली चांगली वीस हात सरकू द्या, मग पहिल्या गिअरमध्ये जा.

तिसरी जागा वळण. याचं गणित करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. समजा शेत ३३० फूट लांब आणि १३२ फूट रुंद आहे आणि नांगर दोन फुटांची पट्टी काढतो. लांबीनं नांगरलं तर ६६ फेरे होतात. रुंदीनं नांगरलं तर १६५ होतात. जमीन तीच, पण पाय क्लचवर जाण्याची वेळ अडीच पट. दहा एकरांत ६६० आणि १,६५० असा फरक पडतो. उतार असेल तर आडवीच नांगरट करायची, तिथे पाणी धरणं महत्त्वाचं, क्लच नाही. पण सपाट जमिनीत केवळ सवयीनं आखूड बाजूनं नांगरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. भावाभावांत वाटण्या होऊन शेतं आखूड झाली, त्याचीही किंमत क्लच मोजतो.

चौथी गोष्ट पेडलच्या ढिलाईची. पेडल दाबायला लागलं की सुरुवातीला ते मोकळं चालतं, मग जड लागतं. त्या मोकळ्या चालीचं माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत ते पाऊण ते दीड इंचाच्या दरम्यान असतं. लायनिंग झिजत जातं तशी ही चाल कमी होत जाते. चाल संपली की पाय फळीवर असूनही बेअरिंग बोटांना टेकलेलंच राहतं, मग प्लेट घसरू लागते आणि जळते. लायनिंग शिल्लक असताना मेलेले क्लच आम्ही पाहिले आहेत. दोन पान्यांचं काम, दहा मिनिटं लागतात. पेरणीआधी, मळणीआधी आणि मधे एकदा पट्टीनं मोजा.

पाचवी गोष्ट तेलाची. आमचा क्लच जळाला तेव्हा आम्ही स्वस्तातली प्लेट टाकली. ती एका हंगामात गेली. दुकानदाराला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा गाडी उघडली तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीनं बोट फिरवून दाखवलं, इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून लायनिंगवर येत होतं. अस्सल प्लेटसुद्धा तिथे टिकली नसती. क्लचच्या घरट्याखालच्या भोकातून तेल ठिबकताना दिसलं तर ते बोळा मारून बंद करू नका, ती सूचना आहे.

आणि एक गोष्ट पावसाळ्याची. ट्रॅक्टर दोन-तीन महिने उघड्यावर उभा राहिला की गंज धरून प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. जास्त दिवस उभा करायचा असेल तर इंजिन बंद करून, पेडल पूर्ण दाबून त्याला लाकडी ठोकळा लावून ठेवा. चालू करण्याआधी ठोकळा काढा.

आता क्लच बदलायची वेळ आली असं ओळखायचं कसं? वरच्या गिअरमध्ये ओझं आलं की इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तेव्हा प्लेट घसरते आहे. गिअर टाकताना खरखर होते, तेव्हा प्लेट पुरती सुटत नाही. पेडल दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो, तेव्हा बेअरिंग गेलं. जुना ट्रॅक्टर विकत घेताना मोकळ्या सपाट जागेत, पुढे माणूस नाही हे बघून, ब्रेक पक्का लावून वरच्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरते. चालूच राहिलं तर किंमत कमी करून मागा. ही परीक्षा एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर परीक्षेतच प्लेट जाईल.

क्लच बदलायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. खरा खर्च तिथे आहे. प्लेट स्वस्त असो की महाग, उघडण्याची मजुरी तीच आणि बुडालेले दिवसही तेच. म्हणून एकदा उघडला की रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंग आणि दोन्ही बाजूंची सीलं एकदमच बघून घ्या. रिबिटांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले असतील तर ते लेथवर साफ करून घ्या, नाहीतर नवी प्लेट त्या चऱ्यांवरच झिजते. जुनी प्लेट सोबत घेऊन दुकानात जा, व्यास आणि मधले दाते मोजून जुळवा. ट्रॅक्टर कंपन्या क्लच बहुधा दुसऱ्या कारखान्याकडून घेतात, त्या कारखान्याचं नाव जुन्या प्रेशर प्लेटवर कोरलेलं असतं. ते टिपून घ्या. जिथे ट्रॅक्टरचा कारखानाच बंद झाला, तिथे डब्यावरचं नाव वाचून "अस्सल" म्हणण्यात अर्थ नाही. पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तो तुमच्या बिलात उतरला की नाही हे बिलाशिवाय कळणार नाही. आणि जुन्या प्लेटीची धूळ हवेच्या नळीनं उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

आता मूळ मुद्दा. समजा क्लचचं सगळं काम मजुरीसकट बारा हजारांत झालं. तो १,५०० तास चालला तर तासाला आठ रुपये पडले. ३०० तासांत गेला तर तासाला चाळीस. एकर नांगरायला दोन तास लागत असतील तर एकरामागे सोळा किंवा ऐंशी. हे रुपये तुम्ही कुठे लिहिता?

आम्ही लिहीत नव्हतो. शेजाऱ्याची नांगरट करताना डिझेल किती, ड्रायव्हर किती, वर थोडे सुटले की कमाई झाली, असं आम्ही धरत होतो. दुसरा ट्रॅक्टरवाला पन्नास रुपये कमी सांगायचा, मग आम्ही अजून पन्नास उतरायचो. ती कमाई नव्हती. क्लच, टायर, इंजिन असं आमचंच भांडवल आम्ही नांगरटीच्या पट्टीत थोडं थोडं विकत होतो. मृगात त्याची वसुली झाली आणि ती सावकाराच्या पैशानं करावी लागली.

कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हिशेबाच्या पद्धतीत अवजारांचा घसारा धरलेला असतो. तो पुरेसा धरतात का, याबद्दल आपलं भांडण आहे आणि ते चालूच राहील. पण दिल्लीला आपण विचारतो, घसारा किती धरला? तिथून कुणी उलट विचारलं, तुमची वही दाखवा, तर आपल्यातल्या किती जणांकडे वही आहे? घामाचे दाम मागायचे तर घामाबरोबर झिजलेल्या लोखंडाचाही हिशेब हातात पाहिजे.

म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत तीन कामं. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यानं वहीत रोज तास लिहायचे, आणि क्लच केव्हा घातला, केव्हा गेला, खर्च किती, दिवस किती बुडाले तेही लिहायचं. वही घरातल्या बाईकडे द्या, तिच्यापुढे उधारी लपत नाही. दुसरं, गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी एकत्र बसून नांगरटीच्या दरात घसारा धरायचा, आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही त्यांच्यासमोर उघड हिशेब मांडायचा. दर वाढला तर तोही त्यांच्या कापसाच्या उत्पादन खर्चात लिहिला गेला पाहिजे. तिसरं, बंद पडलेल्या सरकारी कारखान्याच्या सुट्या भागांची रेखाचित्रं कोणत्याही वर्कशॉपला खुली करावीत, असा ठराव आज इथे करू.

क्लच किती टिकतो, असं त्या भावानं विचारलं होतं. पुढच्या बैठकीत शंभर वह्या आल्या तर त्याला अंदाजानं नव्हे, आकड्यांनी उत्तर देता येईल. आमचा आताचा क्लच सातव्या वर्षात आहे. वहीत आजपर्यंत १,३४० तास लिहिलेत. वही सोबत आणली आहे, ज्याला बघायची त्यानं जेवणाच्या सुट्टीत बघावी.