लोखंडाचं उसनं नाव

इंग्रजीत लोखंडाला 'आयर्न' म्हणतात, जर्मनमध्ये 'आयझन'. दोन्ही शब्द एकाच जुन्या जर्मानिक शब्दापासून निघाले. आज त्या मूळ शब्दाचीच गोष्ट सांगतो.

चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं बायबल गॉथिक भाषेत आणलं. गॉथिक ही जर्मानिक कुळातलीच भाषा. त्या बायबलात एका पछाडलेल्या माणसाची कथा आहे. लोक त्याला बेड्या घालतात, तो त्या तोडून पळतो. या बेड्यांसाठी तिथं 'ईसार्न', म्हणजे लोखंड, हा शब्द येतो.

याच भाषांतरात धातूचा आणखी एक शब्द आहे. येशू शिष्यांना सांगतो, कमरेला पैसे बांधून नेऊ नका. तिथं पैशांना 'आइझ' म्हटलंय. हा शब्द मुळात तांब्या-पितळेचा. आपल्या संस्कृतातल्या 'अयस्'चा तो सख्खा भाऊ! संस्कृतात 'अयस्' पुढं लोखंडाचं नाव झालं. जर्मानिक लोकांनी मात्र लोखंडासाठी वेगळाच शब्द घेतला.

कुठून घेतला? बहुतेक अभ्यासक म्हणतात, शेजारच्या केल्ट लोकांकडून. जुन्या आयरिशमध्ये लोखंड म्हणजे 'इआर्न'. फ्रान्समध्ये इझरनोर नावाचं गाव आहे. त्याच्या जुन्या नावात केल्टांचा 'इसार्नो' शब्द जसाच्या तसा आहे. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटच्या थडग्यांत सापडलेल्या लोखंडी तलवारी इसवी सनापूर्वी सातशे-आठशे वर्षांच्या आहेत. ही विद्या त्या बाजूनं उत्तरेकडं गेली, आणि विद्येबरोबर शब्दही गेला. केल्टांच्या शब्दाचं मूळ काही जण 'रक्त' या अर्थाच्या शब्दात शोधतात, तर काही 'बळकट' या अर्थाच्या. हा वाद अजून मिटलेला नाही.

पुढं 1862 साली बिस्मार्कनं प्रशियात सांगितलं, की काळाचे मोठे प्रश्न लोखंडानं आणि रक्तानं सुटतात. ज्या लोखंडाचा एवढा अभिमान, त्याचं नावच शेजाऱ्याकडून आणलेलं होतं. पण त्यानं जर्मन भाषा काही दुबळी झाली नाही.

शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे स्नेही मला अधूनमधून भेटतात. मी त्यांना माझ्या दाराचं लोखंडी कुलूप दाखवतो. 'लोखंड' संस्कृत 'लोह'वरून आलं, 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'वरून. घराची राखण दोघं मिळून करतात.